मुलांना मोठ्या रेस्टॉरंटमध्ये कधी आणि कसं न्यावं? पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी अकरा वर्षं मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये काम केलं. आधी स्ट्युअर्ड, म्हणजे टेबलावर वाढणारी, होते; नंतर कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारी आणि स्ट्युअर्डवर देखरेख करणारी, झाले. आता ठाण्यात राहते. घरात बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत: हातात ट्रे घेऊन रडणाऱ्या मुलाकडे बघणारी बाजूही आणि त्या मुलाला कडेवर घेऊन दाराकडे धावणारी बाजूही. नात्यातले, शाळेच्या ग्रुपवरचे पालक मला हे प्रश्न सारखे विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. 'मोठं रेस्टॉरंट' म्हणजे टेबलावर कापडी नॅपकिन, काचेचे ग्लास, एकामागून एक येणारे पदार्थ आणि माणशी दीड-दोन हजारांच्या पुढे जाणारं बिल, असं इथे धरलं आहे.

पहिल्यांदा कितव्या वर्षी न्यावं?

सहा-सात महिन्यांचं, पोट भरून झोपलेलं बाळ सोबत असेल तर जेवण निवांत होतं. खरी दमछाक दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांपायी होते. त्यांना नुकते पाय फुटलेले असतात, हात सगळीकडे पोचतो आणि थांबायचं कशासाठी हे कळत नसतं. या वयात नेलंत तरी चालेल, पण आईबाबांपैकी एकाचं जेवण गार होणार हे धरून चला.

चार-साडेचार वर्षांचं मूल साधारण तासभर बसतं, म्हणजे दुपारचं आटोपशीर जेवण जमतं. सूपपासून गोडापर्यंतचं रात्रीचं जेवण सात-आठ वर्षांनंतर. पण वयापेक्षा मी तीन गोष्टी बघते. घरी पानावर वीस मिनिटं बसतं का? 'थांब' म्हटल्यावर थांबतं का? नवीन पदार्थाचा एक घास तरी चाखतं का? तिन्ही जमत असतील तर पाच वर्षांचं मूलही तयार आहे. एकही जमत नसेल तर नऊ वर्षांच्या मुलालाही थोडं थांबवा.

बुकिंग करताना मुलांचं वय सांगाच. काही ठिकाणी रात्री ठरावीक वयाखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि हे दारात कळलं तर मूल फार हिरमुसतं.

आमच्या लहानपणी वाढदिवसालाही हॉटेल नव्हतं. मुलांना इतक्या महागड्या सवयी कशाला लावायच्या?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो मला मनापासून पटतो, कारण मीही त्याच घरातली आहे. आमच्याकडे बाहेरचं खाणं म्हणजे गणपतीच्या खरेदीला गेल्यावर मिळणारा एक मसाला डोसा, तोही भावाबरोबर अर्धा अर्धा. पंचतारांकित हॉटेलात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते एकविसाव्या वर्षी, ट्रेनीच्या मुलाखतीला. मुलाखतीनंतर आम्हा सगळ्यांना जेवायला बसवलं. समोर दुमडलेला नॅपकिन, डावीकडे दोन काटे, उजवीकडे सुरी आणि चमचा. यातलं आधी काय उचलायचं ते मला ठाऊक नव्हतं. शेजारची मुलगी काय करते ते बघेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसले होते. भूक लागली होती, तरी सूप तसंच परत गेलं.

ती भीती माझ्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला हवं आहे. उद्या कॉलेजची मुलाखत असेल, नोकरीतलं जेवण असेल, परदेशातला एखादा समारंभ असेल. तिथे त्यांचं लक्ष समोरच्या माणसाच्या बोलण्याकडे असावं, काट्याकडे नसावं. त्यासाठी वर्षातून एक-दोन वेळा पुरतात. दर महिन्याला जायची गरज नाही, आणि गेलं तर त्यातली अपूर्वाईही उरत नाही.

मात्र परीक्षेतल्या मार्कांचं बक्षीस म्हणून नेऊ नका. मग एका मुलाचे मार्क कमी आले की जेवण रद्द होतं, आणि जी गोष्ट शिकायची होती तिला बक्षीस-शिक्षेचा रंग चढतो. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आजी गावाहून आली, असं काही साधं निमित्त पुरतं.

थेट पंचतारांकित हॉटेलात न्यायचं की आधी लहान जागी?

आधी लहान जागी. पायऱ्या चढत गेलं की मूल बिचकत नाही.

पहिली पायरी थाळीची. मुंबईत काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून चालू आहे. अशा ठिकाणी मूल 'पुरे', 'थोडंसंच', 'अजून एक पुरी द्या' हे वाढणाऱ्याला स्वतः सांगायला शिकतं. ही वाटते तेवढी छोटी गोष्ट नाही. आठ-दहा वर्षांची कितीतरी मुलं आईच्या कानात सांगतात आणि आई वेटरला सांगते.

दुसरी पायरी इराणी-पारशी जागांची. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ सालचं, मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं. इथे मेनूकार्ड वाचून निवड करावी लागते, मागवल्यावर थांबावं लागतं, पण गजबज एवढी असते की मुलाचा आवाज वर गेला तरी कोणी वळून बघत नाही. ब्रिटानियाचा बेरी पुलाव आणि कॅरॅमल कस्टर्ड दोन्ही मुलांना सहसा आवडतात.

तिसरी पायरी म्हणजे टेबलावर कापड आहे पण वातावरण अवघडलेलं नाही, अशी जागा. चर्चगेटचं गेलॉर्ड १९५६ पासून आहे. पुण्यात कोरेगाव पार्कमधलं मलाका स्पाइस १९९७ सालचं. तिथे भिंतींवर चित्रं असतात, त्यामुळे थांबायच्या वेळात मुलांना बघायला काहीतरी मिळतं.

आणि मग चौथी. मुंबईतलं ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये दुपारच्या चहाला बसलं की खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात. पहिल्या पंचतारांकित अनुभवासाठी मला जेवणापेक्षा असा चहा जास्त योग्य वाटतो. वेळ कमी लागतो, पदार्थ छोटे असतात, आणि बोटी मोजता मोजता मुलाचा अर्धा तास सहज जातो. खर्च मात्र आधी फोन करून विचारून घ्या.

रविवारच्या बुफे ब्रंचला नेलं तर?

पालकांना हा सोपा मार्ग वाटतो. मुलांसाठी वेगळा कोपरा असतो, लहानांना सवलत असते, थांबावं लागत नाही. मजेसाठी जरूर जा. पण मोठ्या रेस्टॉरंटमध्ये जे शिकायचं, ते थांबणं, निवडणं आणि बसून राहणं, नेमकं तेच बुफेत नसतं. मूल सात वेळा उठतं, बशीत डोंगर रचतं आणि अर्धा पानात टाकतं. उरलेल्या बशा उचलून आत नेताना मला दर रविवारी वाईट वाटायचं. गेलात तर एक नियम ठेवा: एका वेळी दोनच पदार्थ घ्यायचे आणि घेतलेलं संपवायचं.

घरी तयारी कशी करून घ्यायची?

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी 'हॉटेल' असतं. मुलगी मेनूकार्ड लिहिते, मुलगा ऑर्डर घेतो. सूप म्हणून टोमॅटोचं सार, स्टार्टर म्हणून कोथिंबीर वडी, मग मुख्य जेवण आणि शेवटी वाटीभर श्रीखंड. पदार्थ एकदम मांडत नाही. एक संपला, बशी उचलली, पाच मिनिटं गप्पा झाल्या की दुसरा येतो. मुलांना खरी सवय त्या पाच मिनिटांची लागते.

काचेचे ग्लास काढा. स्टीलची सवय असलेलं मूल काचेचा ग्लास पकडताना एकतर फार आवळतं किंवा हलकेच उचलतं आणि मग पाणी सांडतं. घरी दोन-तीनदा सांडून झालेलं बरं.

सुरी-काट्याच्या सरावाला उत्तप्पा सर्वांत चांगला. तो मऊ असतो, सरकत नाही, आणि तुकडा तुटला की मुलाला जमल्याचा आनंद होतो. उत्तप्प्यानंतर अळूवडी, तिच्यानंतर कटलेट. सुरी लोण्याची, बोथट घ्या.

काटे-चमच्यांचे किती नियम शिकवायचे?

पाचच. नॅपकिन उलगडून मांडीवर. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. बाहेरच्या बाजूला ठेवलेलं आधी वापरायचं, मग आतलं. पावाची छोटी बशी आपल्या डाव्या हाताची, पाण्याचा ग्लास उजव्या हाताचा. जेवण संपलं की काटा आणि सुरी बशीत शेजारी शेजारी; मध्येच थांबलो असू तर एकमेकांपासून दूर, तिरके.

शेवटचा नियम मुलांना आवडतो कारण ती एक खूण आहे. काटा-सुरी जवळजवळ ठेवलेली दिसली की स्ट्युअर्ड न विचारता बशी उचलतो. 'मी न बोलता त्या दादांना सांगितलं' याचं मुलांना फार कौतुक असतं. लिंबाची फोड टाकलेलं कोमट पाणी वाडग्यात आलं तर ते बोटं बुडवायला असतं, प्यायला नाही, हेही जाता जाता सांगून ठेवा.

आजी-आजोबा सोबत आहेत आणि ते हातानेच जेवतात. मुलांसमोर, लोकांसमोर अवघड वाटतं. काय करावं?

काही करू नका. आजीला हाताने जेवू द्या आणि तुम्हीही तिच्याबरोबर हाताने जेवा.

एवढं ठामपणे सांगण्याचं कारण आहे. माझ्या नोकरीच्या दिवसांत एक कुटुंब आलं होतं. आजींनी रोटीचा तुकडा हाताने तोडला आणि नातवाने, आठ-नऊ वर्षांचा असेल, हळूच म्हटलं, "आजी, इथे असं नाही खायचं." आजींनी हात मागे घेतला. त्यानंतर त्या जवळजवळ जेवल्याच नाहीत. आईवडील काहीच बोलले नाहीत. मी रोटी पुन्हा गरम करून आणली, त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "आजी, ही हातानेच छान लागते." त्या हसल्या, पण मूड गेला तो गेलाच.

रोटी, डोसा, भाकरी, खेकडा, हाडाचं मटण हे हाताने खायचे पदार्थ आहेत, जागा कितीही मोठी असो. मुलांना मी सांगते की काटा-सुरीचं जेवण ही एक वेगळी पंगत आहे. आपल्या पंगतीलाही नियम आहेतच की. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. बाकीचे जेवत असताना मध्येच पानावरून उठायचं नाही. तोंडात घास असताना बोलायचं नाही. लग्नाच्या, सत्यनारायणाच्या पंगतीत नीट बसणारं मूल मोठ्या रेस्टॉरंटचे निम्म्याहून जास्त नियम आधीच शिकलेलं असतं. राहतात ते काटे-चमचे, आणि ते एका रविवारात येतात. हे मुलाला स्पष्ट बोलून दाखवा. आपल्या घरी जे शिकलो ते कमी दर्जाचं आणि हॉटेलातलं ते खरं, असं त्याच्या मनात कधी रुजू देऊ नका.

कोणती वेळ आणि कोणतं टेबल मागावं?

शनिवार-रविवार दुपारी साडेबारा, किंवा संध्याकाळी उघडल्या उघडल्या, म्हणजे सात-साडेसातला. मुंबईची गर्दी नऊला येते. नऊ वाजता बारा टेबलांच्या ऑर्डर एकाच वेळी किचनमध्ये पोचतात. शिवाय मुख्य जेवण करायला घ्यायचा इशारा स्टार्टरच्या बशा रिकाम्या होताना दिला जातो. म्हणजे तुमच्याच टेबलावर कोणी सावकाश खात असेल तर सगळ्यांचंच जेवण लांबतं. साडेसातला हेच किचन मोकळं असतं आणि स्ट्युअर्डकडेही तुमच्या मुलाशी दोन शब्द बोलायला वेळ असतो.

बसल्याबरोबर कॅप्टनला सांगा: "मुलांचं आधी आणा, आमचं सावकाश चालेल." हे एक वाक्य निम्मी चिडचिड वाचवतं.

टेबल भिंतीकडेचं मागा आणि मुलाला आतल्या बाजूला बसवा. किचनच्या दाराजवळ आणि येण्याजाण्याच्या वाटेवर गरम सूप आणि सिझलर सतत जात असतात, तिथे नको. हाय चेअर हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, कारण बहुतेक ठिकाणी त्या दोन-चारच असतात.

मुलगा फ्राइज आणि पास्ता सोडून काही खात नाही. मग तिथे नेऊन उपयोग काय?

उपयोग आहे, कारण तो बाकीच्यांना खाताना बघतो. आमचा नियम असा: एक ओळखीचा पदार्थ, एक अनोळखी. अनोळखी पदार्थाचा एक घास घ्यायचा. आवडला नाही तर दुसरा घ्यायचा आग्रह कोणी करणार नाही. आग्रह करून करून मूल हट्टाला पेटतं हे मी घरी आणि कामावर दोन्हीकडे पाहिलं आहे.

मुलांच्या वेगळ्या मेनूपेक्षा मोठ्यांच्या मेनूतला स्टार्टर निवडा. तो आकाराने लहान असतो, तिखट कमी करून मिळतो आणि मुलाला आपण सगळ्यांसारखं मागवल्याचं समाधान मिळतं. सुरुवातीला येणारा पाव-लोणी आणि गोड मॉकटेल आवरा. बरीच मुलं त्यावरच पोट भरतात आणि मग जेवण आल्यावर टेबलाखाली शिरतात.

मोबाइल द्यावा का?

आम्ही देत नाही. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मोबाइलवर डोळे लावून बसलेलं मूल घरी बसल्यासारखंच असतं. त्याला त्या जागेचं काहीच मिळत नाही. त्याऐवजी एक छोटी वही आणि चार रंगीत पेन्सिली. खेळही भरपूर आहेत: सूपमध्ये काय काय असेल ते ओळखा, कोणत्या टेबलावर वाढदिवस असेल ते सांगा, मेनूकार्डातला ओळखता न येणारा एक शब्द शोधा आणि वेटरदादांना विचारा.

पण दीड तास झाला, मूल पेंगुळलं आणि मोठ्यांचं जेवण अजून व्हायचं आहे, अशा वेळी आवाज बंद करून दहा मिनिटं मोबाइल दिला तर स्वतःला दोष देऊ नका.

मूल रडायला लागलं किंवा काही सांडलं तर?

रडलं तर समजूत टेबलावर घालू नका. लगेच उचला आणि बाहेर जा. तीन मिनिटं मोकळ्या हवेत काढली की बहुतेक मुलं शांत होतात. नाही झालं तर उरलेलं बांधून घ्या आणि निघा. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिला लग्नाच्या वाढदिवसाला रात्री नऊला घेऊन गेलो होतो. दुसरा पदार्थ यायच्या आत ती खुर्चीवरून घसरून टेबलाखाली झोपली, आणि उठवल्यावर जे भोकाड पसरलं ते गाडीत बसेपर्यंत. चूक तिची नव्हती, वेळेची होती. तेव्हापासून आम्ही दुपारी जातो.

सांडलं तर ओरडू नका. मुलाला 'माफ करा' म्हणू द्या आणि स्ट्युअर्डला पुसू द्या. त्यांच्या दिवसात असं पाचदा होतं. फुटलेल्या काचेला मात्र मुलाने किंवा तुम्ही हात लावू नका.

शेजारच्या टेबलावरचे रागाने बघत असतील तर एकदा त्यांच्याकडे बघून मान लववा आणि मुलाकडे लक्ष द्या. तेही पैसे देऊन शांतपणे जेवायला आले आहेत, हे आपणही मान्य करायला हवं.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. शिवाय मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काय विचारायचं?

ॲलर्जी असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा आणि टेबलावर बसल्यावर कॅप्टनला पुन्हा सांगा. 'शेंगदाणे नकोत' एवढं पुरत नाही. 'ॲलर्जी आहे' हा शब्द वापरा, तो किचनपर्यंत वेगळ्या गांभीर्याने पोचतो. थायी आणि मलेशियन जेवणात साते आणि पॅड थाय या दोन्हींत शेंगदाणे असतात. काजूची ॲलर्जी असेल तर शाही, मुघलाई नावाच्या पांढऱ्या ग्रेव्ह्या टाळा, त्यांत काजूची पेस्ट असते. पेस्टोमध्येही कुठला ना कुठला सुकामेवा असतो.

शाकाहारी कुटुंबांनी काही पदार्थांची नावं लक्षात ठेवावीत. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये सहसा अँकोव्ही मासे असतात. पन्ना कोटा आणि काही मूस या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनणारं जिलेटिन असतं. पार्मेझान चीज पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने) बनवतात. भाज्यांच्या थायी करीत फिश सॉस आणि चिनी भाज्यांत ऑयस्टर (कालवांचा) सॉस असू शकतो. विचारण्यात संकोच नको. आम्हाला हे रोज विचारलं जायचं, आणि माहीत नसेल तर आम्ही आत जाऊन शेफना विचारून यायचो.

मुलांना कोणते पदार्थ देऊ नयेत?

एक वर्षाखालच्या बाळाला मध नको, डेझर्टवर ओतलेलासुद्धा. त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे आणि अख्खी द्राक्षं नकोत, ती घशात अडकतात. कच्चा मासा आणि कच्चं अंडं लहानांना टाळलेलं बरं. तिरामिसूत कॉफी असतेच, कच्चं अंडं आणि दारूही असू शकते.

आणि धूर निघणारे पदार्थ. हे मी कळकळीने सांगते आहे. असा धूर ज्यांच्यापासून काढतात, त्यांपैकी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंश सेल्सिअसचा असतो आणि द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्राममधल्या एका कॅफेत मुखशुद्धी म्हणून ड्राय आइस दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात न्यावं लागलं. ती सगळी मोठी माणसं होती. मुलांना धुराचं आकर्षण असतं, हात पटकन जातो. धूर पूर्ण थांबेपर्यंत आणि ग्लासात किंवा वाडग्यात पांढरा तुकडा उरलेला नाही याची खात्री होईपर्यंत पदार्थ मुलापुढे येऊ देऊ नका.

मुलांनी वेटरशी कसं बोलावं?

जसं शेजारच्या दादा-ताईंशी बोलतात तसं. "दादा, मला पाणी मिळेल का?" "ताई, हे तिखट आहे का?" चुटकी वाजवणं, 'शुक शुक' करणं, 'एऽ' म्हणणं अजिबात नको. नजर मिळाली की हात थोडा वर करायचा. ऑर्डर मुलाने स्वतःची स्वतः द्यावी, अडखळली तरी चालेल. तुम्ही मध्ये तोंड घालू नका. समोरचा माणूस थांबतो.

मुलं हे तुमच्याकडे बघूनच शिकतात. वडील कॅप्टनवर खेकसले की पुढच्या दहा मिनिटांत मुलगा त्याच स्वरात सॉस मागतो, हे मी अनेकदा ऐकलं आहे. आणि खुर्च्यांमधून पळणाऱ्या मुलाला 'थांब, वेटर अंकल ओरडतील' अशी भीती घालू नका. आपण ज्याच्याशी आदराने वागायला शिकवतो आहोत, त्यालाच बागुलबुवा का करायचा?

मुलगी मेनूकार्डातल्या किमती मोठ्याने वाचते. कसं थांबवावं?

थांबवू नका, आवाज कमी करायला सांगा. 'पनीर टिक्का नऊशे पन्नास?' हा प्रश्न शहाण्या मुलीचाच आहे. तिला खरं उत्तर द्या: या पैशांत जागेचं भाडं आहे, एसी आहे, इथे काम करणाऱ्या माणसांचा पगार आहे, आणि मालकाचा नफाही आहे. आपण पनीरपेक्षा या संध्याकाळचे पैसे जास्त देतो आहोत. निघण्याआधीच घरी बजेट सांगून ठेवलं तर अजून चांगलं. 'तुझा पदार्थ सातशेच्या आत निवड' म्हटलं की मूल मेनूकार्ड मन लावून वाचतं.

बिल मुलांना दाखवावं का? त्यात काय बघायचं?

दहा वर्षांपुढच्या मुलांना जरूर दाखवा, टक्केवारीचा याहून चांगला धडा नाही. समजा, जेवणाचे ४,००० रुपये झाले. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे २०० रुपये. बिलावर तो अडीच-अडीच टक्के असा केंद्राचा आणि राज्याचा वेगळा दिसतो. महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के, म्हणजे ७२० रुपये. तोच पदार्थ पंचतारांकित हॉटेलात आणखी महाग पडण्याचं हेही एक कारण.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यानुसार तो बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. तरीही लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा. नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सेवा आवडली असेल तर टिप जरूर द्या, आणि ती मुलाच्या हाताने द्या, 'थँक यू' म्हणून.

आम्ही जेवताना वाइन घेतो. मुलांसमोर चालेल?

तुमच्या घरी ते उघड असेल तर लपवाछपवी नको. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, बाकीच्या मद्यासाठी २५ आहे, हे मुलांना सांगा. 'एक घोट चाख' हा प्रकार मात्र नको. आणि गाडी दुसऱ्याने चालवायची.

दहा-बारा पदार्थांचा टेस्टिंग मेनू मुलांना झेपतो का?

बारा वर्षांच्या आत शक्यतो नाही. तो अडीच-तीन तास चालतो आणि त्यात आपल्याला निवड नसते. मूल स्वयंपाकात रमणारं असेल तर तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदा न्या, पण मेनू आधी मागवून घ्या.

परदेशात नातेवाइकांकडे जातो तेव्हा काही वेगळं असतं का?

टिपचं वेगळं असतं. अमेरिकेत १८ ते २० टक्के टिप अपेक्षित असते. लंडनमध्ये बऱ्याचदा साडेबारा टक्के बिलातच लावलेले असतात, ते बघून घ्या, म्हणजे दोनदा दिले जाणार नाहीत. जपानमध्ये टिप देत नाहीत. तिथे चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, कारण तसा भात मृताच्या नावाने ठेवतात. आपल्याकडे पिंडदान पाहिलेल्या मुलांना हे एका वाक्यात समजतं.

कपडे कोणते घालावेत?

स्वच्छ आणि न टोचणारे. जरीची कॉलर टोचू लागली की सगळं शिकवलेलं वाया जातं. मोठ्या मुलांनी चपला आणि बर्म्युडा टाळावी, काही ठिकाणी अडवतात. पर्समध्ये एक जादा टी-शर्ट असू द्या.

घरी आल्यावर चुका कधी सांगाव्यात?

त्या रात्री नाही. गाडीत तर मुळीच नाही. तेव्हा फक्त दोन प्रश्न: काय आवडलं, आणि पुढच्या वेळी काय मागवशील? मागच्या वेळी मुलाने मशरूमचं सूप सांगितलं. दोन दिवसांनी आम्ही ते घरी करून पाहिलं, दूध जास्त झालं म्हणून पातळ झालं, तरी त्याने दोन वाट्या प्यायलं. सूप पिताना आवाज न करण्याचा सराव त्याच वेळी झाला. पुढचं बुकिंग दिवाळीच्या सुट्टीतलं आहे, दुपारी साडेबाराचं. भिंतीकडेचं टेबल सांगून ठेवलं आहे, आणि आजी सोबत येणार आहेत.